ऑलिव्हचं तेल, हळदीचं कुंकू

‘तिळाचं तेल’ ही व्युत्पत्तीच्या हिशेबानं द्विरुक्ती आहे आणि ‘शेंगदाण्याचं तेल’ ही चक्क थाप. संस्कृतात तीळ म्हणजे ‘तिल’ आणि तिळातून निघतं ते ‘तैल’. हे नाव एकाच बीची मालमत्ता होतं. पण मोहरी, करडई, जवस, एरंड यांच्यातूनही तसलाच स्निग्ध पदार्थ गळू लागला, तोही दिव्यात जळू लागला, अंगाला चोळला जाऊ लागला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळं नाव शोधण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. त्रास झाला तो वैयाकरणांना. ‘एरंडतैल’ या शब्दाची सरळ फोड केली तर ‘एरंडाचं तिळापासून झालेलं’ असं काहीतरी भलतंच हाती येतं. पाणिनीच्या परंपरेतल्या पंडितांनी मग तोड काढली: स्निग्ध पदार्थ सांगायचा असेल तर ‘तैल’ हा प्रत्ययच समजायचा. प्रत्यय म्हटल्यावर त्याचा तिळाशी संबंध सुटला आणि ‘तिलतैल’ म्हणायलाही सगळे मोकळे झाले. लोकांनी आधीच करून टाकलेल्या गोष्टीला शास्त्रानं मागाहून परवाना द्यायचा, ही आपली जुनी रीत.

ऑलिव्हच्या तेलाची बाटली उघडली की हीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, कारण भूमध्य समुद्राकाठी नेमकं हेच घडलं आहे, तिळाच्या जागी ऑलिव्ह घालून. ग्रीकमध्ये ऑलिव्हचं झाड ‘एलाइआ’ आणि त्याचं तेल ‘एलाइऑन’. लॅटिननं ते उचललं: फळ ‘ओलिवा’, तेल ‘ओलेउम’. या ओलेउमचंच फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘ऑइल’ झालं. म्हणजे ‘ऑलिव्ह ऑइल’ हीसुद्धा तिळाच्या तेलासारखीच द्विरुक्ती, आणि मेकॅनिक ‘साहेब, ऑइल बदलायला झालंय’ म्हणतो तेव्हा तो नकळत ऑलिव्हचा रस मागत असतो. समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर अरबी बोलणाऱ्यांचंही तेच: फळ ‘झैतून’, तेल ‘झैत’. अरबी सत्ता स्पेनमध्ये काही शतकं टिकली. तिच्या मागं राहिलेल्या शेकडो शब्दांपैकी एक म्हणजे ‘आसेइते’, मूळ ‘अझ्-झैत’. स्पॅनिशमध्ये आज कुठल्याही तेलाला, अगदी इंजिनातल्यालाही, आसेइते म्हणतात. पण ऑलिव्हच्या झाडाचं नाव तिथं लॅटिनच राहिलं. त्यामुळं माद्रिदच्या दुकानात ‘आसेइते दे ओलिवा’ मागणारी बाई अर्ध्या अरबीत आणि अर्ध्या लॅटिनमध्ये ‘ऑलिव्हचा ऑलिव्हरस’ मागत असते. आपण ‘ऑलिव्हचं तेल’ म्हणतो. म्हणजे ऑलिव्हचा तिळरस!

मराठीनं या प्रकरणात स्वतःची एक भरही घातली आहे. ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी जोडशब्दाचं आपण ‘रॉकेल’ करून टाकलं. ‘पेट्रोलियम’ हा शब्दही तसाच बनलेला आहे: लॅटिन ‘पेत्रा’ म्हणजे खडक, आणि पुढं तेच ओलेउम. रॉकेल आणि पेट्रोलियम एकाच अर्थाचे दोन शब्द, दोन्हींच्या शेपटाला ऑलिव्ह लटकलेलं. जुनी माणसं रॉकेलला ‘घासलेट’ म्हणत. तो ‘गॅसलाइट’चा अवतार, तिथं मात्र ऑलिव्ह नाही.

मेसोपोटेमियात उलटी गंगा वाहिली. अक्कादी भाषेत तिळाला जे नाव होतं त्याचा अर्थ ‘तेलाची वनस्पती’ असा लावतात. तिथं तेल आधी आणि तीळ मागून. त्याच नावापासून ग्रीक ‘सेसामोन’ आणि पुढं इंग्रजी ‘सेसमी’ झालं, ज्याचं अलिबाबाच्या गुहेपाशी आपण ‘तिळा तिळा दार उघड’ केलं.

स्वयंपाकघरातली नावं वस्तूला चिकटून राहत नाहीत, ती कामाला चिकटतात. तळायला, जळायला, माखायला जे उपयोगी पडेल ते तेल, मग ते कशातूनही निघो. काम करणारा बदलला तरी नाव हुद्द्याबरोबर पुढच्याकडे जातं. ही गोष्ट तपासून पाहायची तर भूमध्य समुद्राकाठचा एखादा साधा, मंद आचेवर शिजणारा पदार्थ घरी रांधावा आणि एकेक जिन्नस भांड्यात टाकताना त्याचं नाव विचारावं. मी त्यासाठी मोरोक्कोची कोंबडी निवडली: केशर, सुंठ, खारवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घातलेली. तिथल्या बोलीत कोंबडी म्हणजे ‘दजाज’ आणि या प्रकाराला म्हणतात ‘दजाज मकल्ली’.

‘मकल्ली’ म्हणजे तळलेली. अरबीत ‘कला’ या क्रियापदाचा अर्थ तळणं, भाजणं. ही कोंबडी ज्या मातीच्या भांड्यात शिजते त्याला आणि त्यात शिजणाऱ्या कालवणालाही ‘ताजीन’ म्हणतात, आणि हा शब्द ग्रीक ‘तागेनॉन’वरून आला. तागेनॉन म्हणजे तळायचं पसरट भांडं. आजच्या ग्रीकमध्येही फ्राइंग पॅनला ‘तिगानी’ म्हणतात. तेव्हा नावाप्रमाणं पाहिलं तर हा तळणीतला तळलेला पदार्थ आहे आणि त्यात तळण म्हणावं असं काही नाही. कांद्याच्या पाण्यात आणि स्वतःच्या रसात तासभर शिजत पडलेली ही कोंबडी. शेजारच्या ट्युनिशियात तर ‘ताजीन’ म्हटलं की अंडी घालून भाजलेली, वड्या पाडता येईल अशी घट्ट चकती समोर येते. भांड्याचं नाव पदार्थाला द्यायचं आणि मग पदार्थ भांडं सोडून निघून जायचा, हे आपल्याला नवं नाही. हॉटेलातली ‘चिकन हंडी’ किती वेळा खरोखर हंडीत शिजलेली असते?

ताजीनचं झाकण शंकूसारखं उंच असतं. खाली कोळशाची शेगडी, तिचा जाळ मंद. वाफ वर चढते, झाकणाच्या गार भिंतींना लागून तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा खाली उतरतं. म्हणून पाणी फार कमी घातलं तरी चालतं. हे भांडं नसेल तर अडत नाही. जाड बुडाचं पातेलं घ्यावं आणि आपल्याकडे फरसबी किंवा कोबीची भाजी परतताना झाकणीत पाणी घालून ठेवतात तसं ठेवावं. शंकूचं काम गार पाणी करतं. इथंही हुद्दा तोच, माणूस वेगळा.

कोंबडीबद्दल थोडक्यात. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना ती परकी, पूर्वेकडून आलेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणं ती आग्नेय आशियात माणसाळली आणि भूमध्य प्रदेशात पोचली ती इसवी सनापूर्वी ८००च्या आसपास. अॅरिस्टोफेनिसच्या इसवी सनापूर्वी ४१४मधल्या ‘पक्षी’ या नाटकात कोंबड्याला ‘इराणी पक्षी’ म्हटलं आहे, म्हणजे चार शतकं काढूनही त्याला गावकी मिळाली नव्हती.

आता रंग. या पदार्थाचा रस्सा पिवळाधमक हवा आणि तो पिवळेपणा केशराचा हवा, असं तिथले जाणते सांगतात. मोरोक्कोत तालिउईन या डोंगराळ भागात केशर पिकतं. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात, तेव्हा रोजच्या स्वयंपाकात कुणी ते मोकळ्या हातानं घालत नाही. चिमूटभर केशर वासाला आणि बाकी रंगाला हळद, असा व्यवहार ठरून गेलेला आहे. हळदीला तिथल्या बोलीत म्हणतात ‘खरकूम’. प्रमाण अरबीत ‘कुर्कुम’.

या कुर्कुमपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण तो शब्द मुळात हळदीचा नाहीच. हिब्रू बायबलमधल्या ‘गीतरत्ना’त सुगंधी वनस्पतींची एक यादी येते, तिच्यात ‘कारकोम’ आहे. तो केशराचा शब्द. त्याच सेमिटिक कुळातून ग्रीक ‘क्रोकोस’ आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्यावरून केशराचं शास्त्रीय नाव ‘क्रोकस सटायव्हस’. पुढं पूर्वेकडून हळद येऊ लागली. तीही पिवळी, तीही कपड्याला आणि अन्नाला रंग देणारी, औषधी, आणि भाव केशराच्या पासंगालाही न पुरणारा. कुर्कुम हे नाव हळूहळू तिच्याकडे सरकलं. युरोपातल्या औषधविक्यांनी ते अरबीतून घेतलं आणि लिनियसनं १७५३ साली हळदीच्या प्रजातीचं नाव ठेवलं ‘कुर्कुमा’. तेव्हा केशराचं आणि हळदीचं शास्त्रीय नाव ही एकाच जुन्या शब्दाची दोन पोरं आहेत, एक श्रीमंताघरी वाढलेलं आणि एक गरिबाघरी. आजच्या हिब्रूत तर दोन्ही शेजारी नांदतात: ‘कारकोम’ केशर, ‘कुर्कुम’ हळद.

संस्कृतात केशराला काय म्हणत? ‘कुंकुम’. अमरकोशात त्याचे ‘काश्मीरजन्मन्’, ‘बाह्लीक’ असे पर्याय दिले आहेत, म्हणजे माल कुठून येत होता तेही कळतं. कुंकुम आणि कारकोम यांचंही दूरचं नातं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. व्यापाऱ्यांबरोबर हिंडणाऱ्या शब्दांचा मूळ गाव सांगणं अवघड असतं. पण नातं असो वा नसो, पुढची हकीकत पाहा. कपाळाला केशराचा टिळा लावणं परवडणारं घर गावात एखादंच. बाकीच्यांनी काय केलं? हळद घेतली. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की ती लालभडक होते. घरोघरी हे रसायनशास्त्र चालत आलं आहे. त्या लाल पुडीला लोकांनी केशराचं नाव दिलं: कुंकुम, कुंकू. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथं पोत्यांनी हळद उतरते; केशराची काडी उतरत नाही. मराठी बाईनं ‘कुंकू’ म्हणताना केशराची आठवण शेकडो वर्षांपूर्वीच सोडली.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर केशराचा शब्द हळदीवर गेला आणि सह्याद्रीच्या पूर्वेला केशराचा शब्द हळदीच्या पुडीवर गेला. या दोन घटनांची एकमेकींना खबरही नव्हती. महाग वस्तूच्या जागी स्वस्त वस्तू बसली, काम चोख करू लागली आणि नाव आपसूक तिच्याकडे आलं. मला यात फसवणूक दिसत नाही. फसवणूक बाजारात होते, जिथं हळद लावलेल्या मक्याच्या केसांना केशर म्हणून विकतात. भाषेत जे होतं ती बढती.

जाता जाता: ‘अल्कधर्मी’ या आपल्या पाठ्यपुस्तकी शब्दातला ‘अल्क’ म्हणजे ‘अल्कली’चा तुकडा, आणि अल्कली म्हणजे अरबी ‘अल्-कली’, भाजलेल्या वनस्पतींची राख. तिथंही धातू तोच, ‘कला’, भाजणं-तळणं. हळदीचं कुंकू करणारा अल्क आणि हळद घातलेली मकल्ली हे सख्खे निघाले. ‘अल्’ हे तर अरबीतलं नुसतं उपपद. आपण उपपद ठेवलं, मागचा एक ‘क’ ठेवला आणि त्यापुढं ‘धर्म’ जोडला.

आपण हल्ली केशराला ‘केशर’ म्हणतो, तो शब्द रंगाचा नाही, केसाचा आहे. ‘केसर’ म्हणजे आयाळ, आणि फुलातले तंतू. आयाळ असलेला तो केसरी; टिळक-आगरकरांनी १८८१ साली काढलेल्या पत्राचं नाव सिंहाचं, भगव्या रंगाचं नव्हे. शाळेत पुंकेसर आणि स्त्रीकेसर शिकवतात, त्या हिशेबानं आपण दुधात घालतो त्या काड्या स्त्रीकेसराच्या टोकाच्या. फुलातल्या बाकीच्या केसरांना बाजारात कुणी विचारत नाही. अरबी ‘झाफरान’ आपल्याकडे आला तोही केशर म्हणून फारसा रुळला नाही. जाफरानी पत्ती म्हणून पानाच्या ठेल्यावर जाऊन बसला.

कोंबडीला हळद, केशर, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि सुंठ चोळून मुरत ठेवायची. मी ‘सुंठ’ म्हटलं, आलं नव्हे. तिथल्या बोलीत या मसाल्याला ‘स्किंजबीर’ म्हणतात आणि ती वाळलेलीच असते. आपण मात्र मराठी सवयीनं आलं किसायला जातो आणि चव बिघडवतो; ओल्या आल्याचा तिखट हिरवटपणा या रश्श्यात उपरा वाटतो. स्किंजबीर, अरबी ‘झंजबील’, ग्रीक ‘झिंगिबेरिस’, इंग्रजी ‘जिंजर’ हे सगळे पाली ‘सिंगिवेर’चे गोतावळे, आणि सिंगिवेरच्या पोटात द्राविड शब्द: तमिळ ‘इंजी’ म्हणजे आलं, ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृतच्या पंडितांना हे ठाऊक नव्हतं की रुचलं नव्हतं, त्यांनी ‘शृंगवेर’ असं रूप करून ‘शिंगासारखं अंग असलेलं’ असा अर्थ बसवला. आल्याचा गड्डा पाहिला तर तो पटतोही. मराठीनं या जगप्रसिद्ध शब्दाकडे पाठ फिरवली आणि दोन साधी नावं घेतली: ओलं ते ‘आर्द्रक’, म्हणून आलं, वाळलेलं ते ‘शुण्ठी’, म्हणून सुंठ. नावातच ओलं-सुकं सांगून टाकलं. हा मसाला आपल्याच किनाऱ्यावरून गलबतात चढला असेल, पण गलबतावर चढलेलं नाव आपलं नव्हतं.

कोथिंबिरीचं उलट आहे. तिथल्या बोलीत ती ‘कसबूर’, प्रमाण अरबीत ‘कुझबरा’, अक्कादीत ‘किसिबिर्रू’. आणि संस्कृतात ‘कुस्तुंबुरु’. मोठ्यानं म्हणून पाहिलं की कानाला ओळख पटते. या शब्दांचं मूळ एक असावं असं अनेकांचं मत आहे. झाड पश्चिमेचं, तेव्हा नावही झाडाबरोबर इकडे आलं असणार. ग्रीसमध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वी १२००च्या आधीच्या मातीच्या हिशेबी पाट्यांवर धने आणि जिरे यांची नोंद आहे, इतकी ही वनस्पती त्या समुद्राकाठी जुनी. कुस्तुंबुरुचं मराठीत कोथिंबीर झालं. हिंदीनं पानालाही ‘हरा धनिया’ म्हणून धन्याच्या पदरात बांधलं. मराठीनं पान आणि बी यांची नावं निराळी ठेवली आणि त्यामुळं बगदादच्या बाजारातला एक शब्द आपल्या मंडईत जुडीच्या ढिगापाशी अजून ऐकू येतो.

जिरं या पदार्थात घालत नाहीत. ते मिठाबरोबर वाटीत वेगळं ठेवतात. त्यामुळं जिरणं, जिरवणं आणि जीरक यांची कथा, मोह होत असूनही, बाजूला ठेवतो.

कांदे किसून घ्यायचे, चिरायचे नाहीत. तेलात ते घालायचे, त्यावर कोंबडी, भांड्यात घोटभर पाणी आणि चिरलेल्या कोथिंबिरीची जुडी. कांदा विरघळून त्याचा जो दाट, चकचकीत, अंगाबरोबर रस्सा होतो त्याला तिथं ‘दगमीरा’ म्हणतात. हाच या पदार्थाचा जीव. मराठीत कांदा म्हणजे खरं तर कुठलाही कंद, पण या एकानंच ते नाव बळकावलं. सुरण आणि रताळं बिचारी आडनावावाचून राहिली.

उरलं लिंबू. हे ताजं नव्हे. चार चिरा देऊन, खच्चून मीठ भरून, बरणीत आपल्याच रसात महिनाभर ठेवलेलं लिंबू लागतं, आणि त्यातही गर कमी महत्त्वाचा, मऊ पडलेली साल महत्त्वाची. आपल्या लिंबाचं नावच कागदी, त्याची साल कागदासारखी पातळ. जाड सालीचं लिंबू मिळालं तर बरं. मोरोक्कोच्या बोलीत लिंबाला ‘हामद’ म्हणतात, अर्थ नुसता ‘आंबट’. आंबट करण्याचं काम ज्याचं, त्याला आंबट हेच नाव. मग अरबीतला प्रसिद्ध ‘लैमून’ कुठं गेला? तो तिथं बऱ्याच ठिकाणी संत्र्याला लागला आहे. ‘लिमून’ मागावं आणि हातात संत्रं यावं! हा लैमून फारसीतल्या ‘लीमू’चा भाऊ, इटालियन ‘लिमोने’ आणि इंग्रजी ‘लेमन’ यांचा बाप, आणि आपल्या लिंबाचा नातलग. संस्कृतात ‘निंबू’ होतं, तेही बहुधा पूर्वेकडच्या आदिवासी भाषांतून आलेलं. हिंदीनं ‘नींबू’ राखलं. मराठीला मात्र आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ करायची खोड आहे: निंबू होतं त्याचं लिंबू, निंब होता त्याचा कडुलिंब, नवनीत होतं त्याचं लोणी. आणि जिथं मुळात ‘ल’ होता, त्या ‘लांगल’चा आम्ही नांगर केला. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

खारवलेल्या लिंबाला तिथं ‘हामद मरक्कद’ असंही म्हणतात. ‘रकद’ म्हणजे निजणं. मरक्कद म्हणजे निजवलेलं. मिठात निजवून ठेवलेलं आंबट. आपण त्याच अवस्थेला ‘मुरणं’ म्हणतो, आणि लोणच्यापासून सुरू होऊन हा शब्द थेट पुढाऱ्यांपर्यंत जातो. लोणचं हे नाव तर केवळ मिठाचं: लवण, लोण, लोणचं. (लोण्याशी त्याचा काही संबंध नाही, दोघं एकाच ताटात बसतात तेवढंच.) तिखट, मोहरी, हिंग, मेथी यांची गर्दी नंतर झाली. मिरची तर पोर्तुगीज आल्यानंतरची. त्या अर्थानं नुसत्या मिठातलं मोरोक्कन लिंबू हे आपल्या मसालेदार लोणच्यापेक्षा नावाला अधिक जागतं. घरात उपासाचं, तिखट न घातलेलं, काळं पडत चाललेलं लिंबाचं लोणचं असेल तर त्याची साल धुऊन या कोंबडीत बेलाशक घालावी; साखर मात्र त्यात नसावी.

मुरण्यावरून मुरांबा आठवतो आणि इथं मराठी कानानं मोठी गंमत केली आहे. ‘मुरलेला आंबा तो मुरांबा’ असं वाटतं ना? मूळ अरबी शब्द ‘मुरब्बा’: वाढवलेलं, जोपासलेलं, म्हणून साखरेत राखलेलं. तो फारसीतून आला, आपण त्यात आंबा ऐकला आणि जिभेनं त्याला तशीच वाट करून दिली. आता आवळ्याचा मुरांबाही होतो, तिथं आंबा कुठं शोधणार? त्याच धातूचा दुसरा शब्द ‘मुरब्बी’: वाढवणारा, सांभाळणारा, पालक. मराठीत मुरब्बी म्हणजे अनुभवानं पक्का झालेला, डावपेच जाणणारा. पालनकर्त्याचा असा राजकारणी झाला, आणि मला तर शंका येते की ‘मुरणं’ या आपल्या क्रियापदानं त्याला आतून ढकललं असावं. मुरलेला माणूस तो मुरब्बी, असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटतंच.

मोरोक्कोच्याच एका माणसानं आपल्याकडचं हे खारवणं प्रत्यक्ष पाहिलं होतं. टँजियरमध्ये १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता हिंदुस्थानात आला, दिल्लीच्या दरबारात राहिला आणि १३४२च्या सुमारास दक्षिणेकडे निघाला. कैरीचं लोणचं पाहून त्यानं लिहून ठेवलं की आमच्याकडे लिंबं खारवतात तशी हे लोक झाडाखाली पडलेली कच्ची फळं मिठात घालतात. घरापासून हजारो मैलांवर त्याला तुलनेला सापडलं ते हेच, बरणीतलं लिंबू. पुढं दौलताबादेहून तो नंदुरबारला आला आणि तिथल्या मराठ्यांच्या जेवणाची नोंद करताना त्यानं तीन गोष्टी सांगितल्या: भात, भाज्या आणि तिळाचं तेल. ऑलिव्हच्या देशातला माणूस, नंदुरबारच्या पंगतीत, तिळाच्या तेलाकडे बघतो आहे. भुईमूग नंतर येऊन त्या तेलाची जागा घेणार होता. तेव्हा तर तो अटलांटिकच्या पलीकडे होता.

आता भांड्यात काय चाललं आहे ते पाहू. ‘रांधणं’ हे ‘रन्धयति’वरून आलं, आणि त्याचा वैदिक अर्थ वश करणं, नमवणं. ‘शिजणं’ आलं ‘सिध्यति’वरून: सिद्ध होणं, पूर्णत्वाला जाणं. रांधणारा नमवतो आणि शिजणारा सिद्ध होतो, एकाच चुलीवर. मोठ्या आचेवर, उकळ्या फोडत केलेली कोंबडी पहिल्या क्रियापदाची. तिचे तंतू आवळतात, मांस चिवट होतं. मंद आचेवर चिकट सांध्यांमधला भाग हळूहळू विरघळून रश्श्याला दाटपणा देतो, ती दुसऱ्या क्रियापदाची. इंग्रजीत या रीतीला ‘ब्रेझ’ म्हणतात, फ्रेंच ‘ब्रेझ’ म्हणजे निखारे: पूर्वी भांड्याच्या खाली आणि झाकणावरही निखारे ठेवून असं शिजवत. कोकणपट्टीत भानोलं करताना अजूनही कुठं कुठं वर निखारे ठेवतात. मराठीत या क्रियेला वेगळं नाव पडलं नाही. ‘मंद आचेवर शिजवा’ एवढ्यात भागतं, आणि शिजण्याचा मूळ अर्थ पाहता त्यावर आणखी काही म्हणायची गरजही दिसत नाही.

तासाभरात मांस हाडापासून सुटू लागतं. तेव्हा कोंबडी बाहेर काढावी, रस्सा आटवून दगमीरा दाट करावी, मग लिंबाच्या सालीच्या पट्ट्या आणि मूठभर ऑलिव्ह टाकून कोंबडी परत आत सोडावी. ऑलिव्ह आधीच खारवलेले, लिंबू खारवलेलं, म्हणून मीठ शेवटी चाखूनच. तिथं हे गोल, जाड ‘खुब्झ’शी खातात, बोटांनी तोडून आणि रश्श्यात बुडवून. पोळी या रश्श्यापुढं लगेच नांगी टाकते, ज्वारीची भाकरी चांगली लागते पण स्वतःची चव पुढं करते. बेकरीतला ताजा पाव सगळ्यांत बरा. पोर्तुगिजांनी तो ‘पाँव’ म्हणून आणला, गव्हाच्या भाकरीचा सर्वसाधारण शब्द म्हणून. इथं तो एकाच प्रकारच्या चौकोनी लादीचा होऊन बसला आहे.